जिवंत शेखांवर छापील रहमत

सोमवार, ६ शाबान

आज मशिदीसमोरच्या ओट्यावर एक अन्याय घडला आणि सगळं गाव गप्प बसलं. त्याची नोंद निदान इथे तरी राहू दे. मकामे कॉफीवाल्याने काशाता लहान केला. कडू कॉफीच्या पेल्याबरोबर ही खोबऱ्याची वडी द्यायची रीत त्याच्या आजोबापासूनची. माझ्या लहानपणी ती तळहातावर मावत नसे. मग ती काडेपेटीएवढी झाली, ते आम्ही समाजवादाच्या नावावर घातलं. आजची वडी टपालाच्या तिकिटाएवढी आहे आणि घालायला कुठला वाद शिल्लक नाही. मी निषेध म्हणून अर्धा पेला तसाच ठेवून उठलो. मकामेने तो शेजारच्याला दिला. चळवळ तिथेच संपली.

दुसरी बातमी म्हणजे माझं पुस्तक आलं. सात वर्षांचं संशोधन टांगा शहरातल्या छापखान्यातून बसच्या टपावर बसून आलं. ‘मिंबराखालचं गाव: इस्लाम, समाज आणि स्थानिक राजकारण’. मिंबर म्हणजे मशिदीतलं इमामाचं प्रवचनपीठ. शास्त्राच्या शिस्तीप्रमाणे मी गावाचं नाव लपवून ‘क’ केलं आहे. मशिदीसमोर कॉफी विकणारा ‘म’ आहे. मकामे दिवसभर ‘म’ म्हणून मिरवत होता.

सगळ्यात चांगलं पाचवं प्रकरण, ‘आसन कसं रिकामं होतं’. त्यातलं एक वाक्य मी मुद्दाम इथे उतरवतो: ‘इमाम मरतो तेव्हा त्याचं आसन रिकामं होत नाही, गाव त्याच्याविषयी भूतकाळात बोलू लागतं तेव्हा होतं.’ या वाक्यावर मी दोन पावसाळे घालवले आहेत.

मशीद समितीचे सचिव चांदे यांनी गठ्ठा ताब्यात घेतला आणि दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर प्रती वाटल्या. फुकट आहे म्हटल्यावर निरक्षरांनीही नेल्या. शेख मुहिदिनींना पहिली प्रत मी स्वतः दिली. गावाचे इमाम, माझे गुरू. अलिफ-बे त्यांनीच मला छडीने शिकवलं. छपाईआधीचे कच्चे कागद त्यांनीच भिंग लावून तपासले होते. कुठल्याशा तळटीपेतला सुटलेला अरबी हमझा त्यांनी पकडला आणि म्हणाले, “आता छाप.” त्या वयात ही नजर!

मंगळवार, ७ शाबान

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

सकाळी चपाती आणि तूर नारळाच्या दुधात, असं सगळं व्यवस्थित चाललं होतं. माझी बायको झवेना पुस्तक चाळत होती. टंकन तिनेच केलं आहे, कारण मी दोन बोटांनी लिहितो आणि तिच्या मते ती दोन्ही चुकीची आहेत. आधी म्हणाली, मागच्या सूचीत एकही बाई नाही. मी म्हटलं, मशिदीच्या राजकारणात बायका नसतातच, तर सूचीत कुठून येणार? ती “असं का” म्हणाली आणि पहिल्या पानावर गेली. मग तिने अर्पणपत्रिका मोठ्याने वाचली.

‘माझे वडील शमटे, हफिधहुल्लाह, आणि माझे गुरू शेख मुहिदिनी, रहिमहुल्लाह, यांस.’

वाचून झाल्यावर तिने विचारलं, “मामंजी केव्हा उठले?”

मला कळायला वेळ लागला. हफिधहुल्लाह, म्हणजे अल्ला त्यांना सांभाळो, हे जिवंत माणसाच्या नावापुढे लावतात. रहिमहुल्लाह, म्हणजे अल्ला त्यांच्यावर दया करो, हे गेलेल्याच्या. मदरशातलं शेंबडं पोरही यात चुकत नाही. माझ्या पुस्तकात माझे वडील, ज्यांना मी स्वतःच्या हातांनी कबरीत उतरवलं, त्यांना दीर्घायुष्य लाभलं होतं. आणि शेख मुहिदिनी, जे काल माझ्यासमोर दोन पेले कॉफी प्याले, ते वारले होते.

मी तसाच अनवाणी ओट्यावर धावलो. सगळ्यांनी ते पान आधीच पाहिलं होतं. कुणी फोटो काढून गावाच्या गटावर टाकला होता, आणि तिथून तो दारेसलामला पोचला होता. शेखांच्या चुलतभावाचा तिकडून फोन आला, की दफन केव्हा आहे आणि मी कुठल्या बसने येऊ. मकामेने मला जवळ बोलावून वडिलांची तब्येत विचारली.

हसण्यावारी जाईल असं वाटलं होतं. पण नगरसेवक सेफू तिथे बसला होता आणि तो हसत नव्हता. तो पुस्तक वाचत होता. सेफूला मी आजवर मतदारयादीखेरीज काही वाचताना पाहिलेलं नाही.

सेफूला किनाऱ्यावरची वक्फाची नारळबाग हवी आहे. कुण्या पुण्यवान जोडप्याने शंभरेक वर्षांपूर्वी अल्लाच्या नावाने सोडलेली ती बाग. तिच्या नारळावर मदरसा चालतो आणि विधवांच्या चुली पेटतात. सेफूकडे एक हॉटेलवाला येऊन बसला आहे. बागेचा कागद शेखांच्या ताब्यात, आणि शेख सेफूला इतकी वर्षं एकच शब्द सांगत आले आहेत: नाही. शेख आहेत तोवर बाग आहे. हे वाक्य माझ्याच पुस्तकात आहे.

बुधवार, ८ शाबान

शेखांकडे गेलो. रात्रभर माफीचं भाषण पाठ केलं होतं. पडवीत चटईवर बसून ते लापशी पीत होते. कोपऱ्यात तांदळाची दोन पोती आणि साखर. लोकांनी मयताचं म्हणून पाठवलेलं.

“मेलेल्याच्या घरी रिकाम्या हातानं आलास?” ते म्हणाले.

मी भाषण विसरलो. दुरुस्तीची चिठ्ठी आजच छापून घेतो आणि प्रत्येक प्रतीत चिकटवतो, असं काहीतरी बोललो.

“काय दुरुस्त करणार?”

“रहिमहुल्लाह काढून...”

“रहिमहुल्लाह म्हणजे काय रे, हेमेदी? व्याकरण विसरलास?”

“अल्ला त्यांच्यावर दया करो.”

“मग? माझ्यावर नको का करायला त्यानं? जिवंत माणसाला दया चालत नाही असं कुठल्या किताबात वाचलंस? तो रिवाज आहे. हुकूम नव्हे.” त्यांनी वाडगं पुसून लापशी संपवली. “चिठ्ठी छापू नकोस. जरा थांब. कोण कोण येतंय ते बघतोय मी.”

केवढं मोठं मन. मला रडूच आलं. मी त्यांचा हात धरून बसलो. मागच्या अंगणात झवेना काही विधवा बायांना घेऊन नारळांवरून कसलीशी घासाघीस करत होती. दर बुधवारी ती इथे असते. बायकांना जमायला निमित्त लागतं.

गुरुवार, ९ शाबान

छापखान्याला फोन केला. मालक म्हणतो, तुमच्या फायलीत होतं तेच आम्ही छापलं, आम्ही एक टिंबही हलवत नाही. निर्लज्ज माणूस. मी त्याला कोर्टात खेचीन म्हटलं. झवेना म्हणाली, “सोडून द्या, गरीब आहे.” टांगा शहरात त्याची दोन दुकानं आहेत.

शुक्रवार, १० शाबान

जे पाहिलं ते आधी साध्या शब्दांत लिहून ठेवतो, कारण उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

जुम्म्याची अजान झाली. शेख मुहिदिनी नेहमीच्या पांढऱ्या पायघोळ कन्झूत आणि खांद्यावर उपरणं घेऊन दारातून आले. मिंबराजवळ खुतब्याची, म्हणजे जुम्म्याच्या प्रवचनाची, काठी हातात घेऊन उस्ताद खल्फान उभा होता. मदिनेहून शिकून आलेला पोरगेला माणूस, गोड गळ्याचा, दाढीही अजून पुरती भरलेली नाही. चांदे पुढे झाले, शेखांचा हात अदबीने धरला आणि म्हणाले, की समितीने काल विचार केला, वय झालं, लोकांच्या मनात शंका आहे, ज्यांच्या नावावर छापील रहमत पडली त्यांच्यामागे नमाज पढायला काही जण कचरतात, तेव्हा आजच्या दिवस विश्रांती घ्यावी. हे सगळं इतकं गोड बोलले की मलाच वाटलं शेखांनी विश्रांती घ्यावी.

शेखांनी कुणाकडेही पाहिलं नाही. ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले, मासे विकणाऱ्या माणसाशेजारी.

तिसऱ्या रांगेत! मी पाचव्या प्रकरणात ‘हळूहळू मागे सरकणं’ असं लिहिलं आहे. मला वाटलं होतं, याला वर्षं लागतात.

खल्फान शुभशकुन-अपशकुनांविरुद्ध दर महिन्याला प्रवचन देतो. आज तो एका छपाईच्या चुकीवर मिंबर चढला. त्याचा चेहरा घामाने थबथबला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. नमाजानंतर तो शेखांच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला. शेखांनी त्याला उठवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. मी विचारलं तेव्हा खल्फान म्हणाला, “त्यांनी माझं तिसऱ्या आयतीतलं मद्द सुधारलं.” म्हणजे स्वर किती लांबवायचा ते.

बाहेर ओट्यावर सगळे शेखांची स्तुती करत होते. काय आवाज होता. किती साधे होते. कसं सगळ्यांना सांभाळून घेत होते. शेख दोन हातांच्या अंतरावर बसून कॉफी पीत होते. होते, होते, होते. मी कानांवर हात ठेवले. माझं वाक्य माझ्यासमोर पायात वहाणा घालून चालत होतं.

रविवार, १२ शाबान

सकाळी ज्या परदेशी प्राध्यापिकेच्या अनुदानावर हे संशोधन झालं, तिचं पत्र आलं. तिला सगळा प्रकार मीच कळवला होता, मनाचा भार हलका करायला. ती लिहिते, की हे तर विलक्षण आहे, समाजशास्त्रात असा प्रयोग मुद्दाम करता येत नाही. मी दोन्ही बाजूंच्या मुलाखती घ्याव्यात, आणि ‘शेखांना आत्ता काय वाटतंय’ हे ताजं असतानाच टिपून ठेवावं. शेवटी तिने उद्गारचिन्हं टाकली आहेत. एखाद्याच्या घराला आग लागावी आणि शेजाऱ्याने उबेबद्दल आभार मानावेत, तसं वाटलं.

दुपारी नगरसेवक सेफू घरी आला. हातात भली मोठी सुरमई.

“मास्तर,” तो म्हणाला, “तुमचं पाचवं प्रकरण मी पुन्हापुन्हा वाचलं. पेन्सिलीनं रेघा मारल्यात. राजकारणात मी एवढी वर्षं घालवली, पण मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.”

सात वर्षांत माझं लिखाण रेघा मारून वाचणारा हा पहिला माणूस. म्हणाला, पुढच्या जुम्म्याला समिती शेखांना रीतसर निरोप देईल, खल्फानला इमाम करील. इमाम बदलला की बागेचा विश्वस्तही बदलतो, हे तुम्हीच लिहिलंय, पान मला पाठ आहे. खल्फान नवा आहे, त्याला कागद कळत नाहीत, तो सही करील. आणि हॉटेलच्या समितीत ‘सांस्कृतिक सल्लागार’ म्हणून एखादा विद्वान लागेलच. असं म्हणून त्याने सुरमई माझ्या मांडीवर ठेवली.

तो गेल्यावर झवेनाने मासा उचलला, मागच्या दारी नेला आणि शेजारच्या मांजरांना घातला. माझ्या आयुष्यात मी इतका महाग मासा मांजरांना खाताना पाहिला नाही. मी फक्त म्हटलं, अगं, निदान अर्धा.

“आपल्या घरात शेखांच्या मयताचं जेवण शिजणार नाही,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “इमाम बदलला की विश्वस्त बदलतो, हे तुम्ही कशावरून लिहिलंत?”

“सगळे तेच सांगतात.”

“सगळे म्हणजे कोण?”

मी म्हटलं, ओट्यावरचे सगळे. तिने तव्यावरची चपाती उलटली.

बुधवार, १५ शाबान

आज ओट्यावर शेख आले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

चांदेंनी रीतीप्रमाणे विचारलं, “शेखसाहेब, तब्येत काय म्हणते?”

“मेलेल्याला तब्येत नसते, चांदे. म्हणून फार बरं वाटतंय.”

सगळे हसले. मग त्यांनी एकेकाला धरलं. इमाम असताना माणसाला सगळ्यांना दुआ द्यावी लागते, ते म्हणाले. मेल्यावर कसं मोकळं होतं. मकामेला म्हणाले, काशाता लहान केलास ते कबरीतूनसुद्धा दिसतंय. एका व्यापाऱ्याला म्हणाले, तुझी दानाची जकात इतकी बारीक असते की ती चाळणीतून पडते. चांदेंना म्हणाले, “तू माझ्यामागे आयुष्यभर नमाज पढलास. आणि माझ्या पाठीकडे बघून नेहमी कसला विचार करायचास, तो मला आता कळला.” चांदेंनी कॉफी घाईने प्यायली आणि जीभ भाजून घेतली.

कोणी चिडलं नाही. मेलेल्यावर कसं चिडणार? पण उठताना प्रत्येकाने मागे वळून पाहिलं. मीही.

उठताना त्यांनी मला विचारलं, “जुम्म्याला येशील ना? निरोप आहे माझा.” मी म्हटलं, मला शक्य असतं तर मी तो होऊ दिला नसता. “तुला शक्य नाही,” ते म्हणाले, “हेच तर मला पाहिजे होतं.” म्हातारपण माणसाला कोड्यात बोलायला लावतं.

शुक्रवार, १७ शाबान

आज जे झालं त्यावर माझं अजूनही ‘काय?’ संपलेलं नाही.

मशीद खचाखच भरली होती. रमजान तोंडावर आलेला, त्यात निरोपाचा मामला. वर बायकांच्या माडीचा पडदाही हलत होता. नमाज झाली. चांदेंनी उभं राहून जाहीर केलं, की समितीने उस्ताद खल्फान यांना इमाम नेमलं आहे आणि शेख मुहिदिनींनी आजवर जे केलं त्याबद्दल गाव त्यांचं ऋणी आहे. सेफू पहिल्या रांगेत. त्याच्या मांडीखाली कागदांची पिशवी. खल्फान डोकं खाली घालून बसलेला.

शेख उठले. मला वाटलं, रागावतील. ते मिहराबापाशी, इमामाच्या कोनाड्यापाशी, जाऊन लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

“माझं मयत करायचं तर पुरतं करा,” ते म्हणाले. “मयतानंतर एक प्रश्न विचारतात. तो तुम्ही विसरलात. मीच विचारतो. माझ्याविषयी काय साक्ष देता?”

साऱ्या मशिदीला काटा आला. हा प्रश्न जनाज्याशेजारी उभा राहून मयताचा मुलगा विचारतो, आणि जमलेले म्हणतात: चांगला माणूस होता. दुसरं उत्तर कुणी देत नाही, आणि दिलेलं उत्तर कुणी मागे घेत नाही. अल्लासमोरची साक्ष असते ती.

मग कुणीतरी म्हणालं, “चांगले होते.” मग सगळेच. चांदे सर्वांत मोठ्याने. सेफूनेही मान डोलावली. स्तुतीत खर्च काय?

“बागेत कधी लबाडी केली मी?”

“नाही.”

“बागेसाठी जे ठरवलं ते तुम्हाला मान्य होतं?”

“मान्य होतं.” सगळ्यांच्या तोंडी भूतकाळ.

“आता ऐका. हेमेदी मास्तरांनी पुस्तकात लिहिलंय, इमाम बदलला की बागेचा विश्वस्त बदलतो. मास्तर माझे शागीर्द. हुशार. पण दोन्ही कामं मी एकटा करत होतो म्हणून त्यांना ती एक दिसली. इमाम समिती नेमते. नेमला तुम्ही. खल्फान चांगला पढतो; मी असतो तरी त्यालाच दिलं असतं. पण बाग समितीची नाही. बाग सोडणाऱ्यानं अट घातली, की जो विश्वस्त असेल तो, हयात असताना, मशिदीत जमलेल्या जमातीसमोर पुढचा विश्वस्त नेमील. मी हयात आहे की नाही याबद्दल गावात वाद आहे, ते ठाऊक आहे मला.” ते थांबले. “म्हणून आज आलो. तुम्ही साक्ष दिलीत. आता मी नेमतो.”

सेफूने पिशवीतला सहीचा कागद काढलाच होता. तो तसाच हातात राहिला.

“झवेना बिन्ती ओमारी,” शेख म्हणाले.

मी आजूबाजूला बघितलं. अजून कोणी झवेना आहे का गावात? मग वरच्या माडीच्या पडद्यामागून, सावकाश, आमच्या स्वयंपाकघरात ‘मीठ कमी पडलं’ म्हणावं तसा आवाज आला:

“कबूल आहे.”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. चांदे म्हणाले, बाई? शेख म्हणाले, ज्यानं अट घातली त्याच्या बायकोचीही ती बाग होती. तिनं आधी अर्धी दिली, मग त्यानं अर्धी दिली, ते कागदात आहे, वाचा. कुणीतरी खल्फानला विचारलं, बाईला वक्फ सांभाळता येतो का. सगळे त्याच्याकडे वळले. त्याला नाही म्हणता आलं असतं. त्याने घाम पुसला आणि म्हणाला, “चारही मझहबांत, धर्मशास्त्राच्या चारही परंपरांत चालतं.” मग किताबाचं नाव सांगितलं. मी बघितलं, शेखांनी डोळे मिटून मान हलवली. मद्द बरोबर लागलं होतं.

सेफू पुढे झाला. म्हणाला, ही फसवणूक आहे, गावाला अंधारात ठेवलं. शेख म्हणाले, “सेफू, तू आत्ताच साक्ष दिलीस, मी चांगला होतो म्हणून. मशिदीत. बदलायची असली तर मोठ्यानं सांग.” सेफू उभा राहिला, आणि मग बसला. मी आयुष्यभर राजकारण अभ्यासलं, पण माणूस इतक्या सावकाश बसताना पाहिला नव्हता.

बाहेर आल्यावर मी शेखांना गाठलं. मी विचारलं, हे सगळं केव्हापासून? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“मी इमाम असताना झवेनाला नेमलं असतं, तर या लोकांनी मलाच काढलं असतं, आणि तिलाही. आधी त्यांनी मला काढायला हवं होतं. एकदा माणूस चांगला होता म्हटलं, की मग त्याचं केलेलं खोडता येत नाही. तूच लिहिलंस, भूतकाळ.” मग म्हणाले, “झवेनाची नजर फार बारीक आहे. तिच्या हातून एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. सांगितल्याशिवाय.”

मी म्हटलं, हो ना, छापखानेवालेच बेजबाबदार. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वहाणा घालून निघून गेले.

घरी झवेना चहा करत होती. मी विचारलं, दर बुधवारी तिथे काय करायचीस तू? ती म्हणाली, बाग चालवायचे. गेली कित्येक वर्षं. शेखांच्या डोळ्यांना नारळ दिसत नाहीत, फक्त अक्षरं दिसतात. तुम्हाला कधी सांगितलं नाही कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही ओट्यावर विचारत होता.

मी सात वर्षं या गावाच्या सत्तेवर पुस्तक लिहिलं. ती माझ्याच घरात चपात्या लाटत होती.

सोमवार, २० शाबान

प्राध्यापिकेला पत्र लिहायला बसलो, दोनदा फाडलं. पाचवं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. सहावंही. खरं तर सूचीसुद्धा.

विश्वस्त म्हणून झवेनाचा आज पहिला दिवस. सकाळी ती बागेत गेली, नारळ पाडणाऱ्या पाडेलींना भेटली, कुंपणाची पाहणी केली. सेफूने तिला रस्त्यात सलाम केला म्हणे, अगदी खाली वाकून. तिने त्याच्याकडे मुलाबाळांची चौकशी केली आणि बागेच्या दक्षिणेला त्याची गाय रोज आत येते, तिला बांधून ठेवा म्हणून सांगितलं.

दुपारी जेवताना ती माझ्याकडे बघत होती. भात वाढता वाढता म्हणाली, “बागेत बसून तुम्ही सात वर्षं संशोधन केलंत.”

म्हटलं, हो, तिथे वारा चांगला येतो.

“शहाळी कुणाची प्यायलात?”

मी म्हटलं, पाडेली देत होते, मुलाखतीच्या वेळी, आदर म्हणून.

“पाडेलींची नाहीत ती. वक्फाची आहेत. विधवांची.” तिने आमटीचा डाव खाली ठेवला. “शेखांनाही मी विकत घ्यायला लावायचे.”

मला धक्का बसायला आता जागा उरलेली नाही, असं मला वाटत होतं. तरी बसला. मी म्हटलं, किती झाली असतील, सांग, मी भरतो.

“मला सांगू नका,” ती म्हणाली. “विश्वस्तानं नवऱ्याशी देणंघेणं करू नये. लोक काय म्हणतील.”

ती झोपायला गेली. मी बाजारात गेलो. भाजीवालीकडून नारळांचं एक पोतं घेतलं, चांगले, सोललेले, जड, आतून पाणी वाजणारे. हातगाडी भाड्याने घेतली आणि भर उन्हात ती स्वतः ढकलत बागेपर्यंत नेली. ओट्यावरून मकामेने हाक मारली, मास्तर, कुणाकडे लग्न आहे? मी ऐकलं नाही.

बागेच्या छपरीत सोललेल्या नारळांचा ढीग होता. शेजारी म्हातारी म्वाना हलिमा सुतळीने झाडू बांधत बसली होती. मी पोतं उघडलं आणि माझे नारळ त्या ढिगात ओतले. एकेक घरंगळत मिसळून गेला. आता त्यातले माझे कोणते हे मलाही सांगता आलं नसतं.

तिने मान वर करून विचारलं, कुणाचे हे?

“बागेचेच आहेत, मावशी,” मी म्हणालो. “पडायला उशीर झाला.”